जहाजावर प्यायचं पाणी कुठून येतं?

आमच्या घरात क्रूझचा विषय निघाला त्या रात्री मुलाने घसरगुंड्यांचं विचारलं, ह्यांनी खर्चाचं विचारलं, आणि मामांनी विचारलं, "जहाजावर प्यायचं पानी कुठून येतंय?"

मामा म्हणजे माझे सासरे. वय बहात्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. सगळी हयात औसा तालुक्यात शेती करण्यात गेली. आम्ही लातुरात राहतो. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती गाडी बघायला मामा गावाकडून मुद्दाम आले होते. त्या उन्हाळ्यात आम्ही आंघोळीचं पाणी परातीत धरून तेच संडासाला वापरलं. त्यामुळे हजारो माणसं समुद्रात नेणाऱ्या जहाजाबद्दल पाण्याचा प्रश्न आधी सुचावा, यात मला काही नवल वाटलं नाही. उत्तर मात्र आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

सहल निघाली ती आत्यांसाठी. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांनी पंढरीची वारी कितीदा केली त्याची मोजदाद नाही. चंद्रभागा पाहिली, पैठणला गोदावरी पाहिली, समुद्र मात्र पाहिला नव्हता. मी एकदा शाळेची सहल घेऊन अलिबागला जाऊन आले, तेव्हा मोबाइलमधला लाटांचा व्हिडिओ त्यांनी चार वेळा लावायला सांगितला आणि म्हणाल्या, "ह्येला थांबाच न्हाई का गं?" ते माझ्या मनात राहिलं. शिक्षिकांच्या भिशीत त्या वर्षी माझा नंबर लागला. मुलगी नववीत, म्हणजे पुढच्या वर्षी दहावी आणि घराबाहेर पाऊल नाही. जायचं तर याच दिवाळीत, आणि सहाही जणांनी.

नुसता समुद्रच दाखवायचा तर अलिबाग, गणपतीपुळे काय वाईट होतं? पण मामांना वाळूत चालता येत नाही. दर दिवशी नवं हॉटेल, गाडीत चढा-उतरा, सामान बांधा-सोडा हे त्यांच्या गुडघ्याला झेपत नाही. जहाजात एकदा सामान खोलीत ठेवलं की मुक्काम हलत नाही, गाव बदलत राहतं. लिफ्ट असते, जेवण तिथेच असतं. क्रूझ माझ्या डोक्यात आली ती यासाठी.

चौकशीअंती दोन नावं उरली. एक आपल्याकडचं, मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस'. दुसरं सिंगापूरहून सुटणारं, तेव्हाच्या रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसचं 'गेंटिंग ड्रीम'. सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनचीही मोठी जहाजं सुटतात, पण आमच्या तारखांना आणि आवाक्यात ते बसत नव्हतं, म्हणून ते लवकरच बाजूला पडलं.

मुलीने वहीच्या मधल्या दोन पानांवर दोन्ही जहाजं समोरासमोर लिहून काढली. एम्प्रेस 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेलं, कॉर्डेलियाकडे येण्याआधी रॉयल कॅरिबियनचं होतं. लांबी सुमारे 211 मीटर. गेंटिंग ड्रीम 2016 साली जर्मनीत बांधलेलं, लांबी 335 मीटर, अठरा मजले. आकडे ऐकून मामांच्या डोळ्यांपुढे काही येईना, म्हणून तिने रेल्वेचा डबा धरला, साधारण 24 मीटरचा. एक जहाज नऊ डब्यांएवढं, दुसरं चौदा डब्यांएवढं. मग मात्र मामा पुढे सरकून बसले.

जहाजाचं टनेज हे वजन नसतं, आतल्या एकूण जागेचं माप असतं, हे मला याच चौकशीत कळलं. एम्प्रेसचं साडेअठ्ठेचाळीस हजार, गेंटिंग ड्रीमचं दीड लाखावर. या आकड्याला खोल्यांच्या दुपटीने, म्हणजे दर खोलीत दोन माणसं धरून, भागलं की माणशी किती जागा येते त्याचा अंदाज मिळतो. एम्प्रेसवर सुमारे आठशे खोल्या, म्हणजे माणशी तीसच्या आसपास. गेंटिंग ड्रीमवर पावणेसतराशेच्या जवळपास, म्हणजे माणशी पंचेचाळीस. जेवणाच्या रांगा किती, डेकवर खुर्ची मिळेल का, या गोष्टी बऱ्याच अंशी या एका भागाकारात दिसतात. एजंटांनी दिलेल्या रंगीत पत्रकांपेक्षा मला हा भागाकार जास्त कामाचा वाटला.

मुलांचं मत केव्हाच ठरलं होतं. गेंटिंग ड्रीमवर पाण्याच्या सहा घसरगुंड्या, दोरांवरून चालायचा खेळ, बोलिंग, आणि जहाजाच्या अंगावर केवढं तरी चित्र, त्यात एक जलपरी आणि एक अंतराळवीर. मुलगा तिसरीत आहे. त्याने ते चित्र वहीत काढून देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवलं. एम्प्रेसवर चढायची भिंत आहे, पोहण्याचा तलाव आहे, रंगमंच आहे, पण जलपरीपुढे त्याचा निभाव लागत नव्हता.

पहिला घोळ भाड्यात झाला. फोनवर भेटलेल्या पुण्याच्या एका एजंटाने सिंगापूरच्या जहाजाचा माणशी दर सांगितला. तो ऐकून हे म्हणाले, "अगं, हे तर मुंबईएवढंच पडायलंय." दोन दिवस आम्ही त्याच आनंदात. मग मी दर लेखी मागितला. त्यात कळलं की तो आकडा फक्त भाड्याचा, तोही एका खोलीत दोघं धरून आणि बिनखिडकीच्या खोलीचा. बंदर शुल्क वेगळं, दर माणशी दर रात्रीचं सेवाशुल्क वेगळं, कर वेगळे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जाणार होता. तो रिटर्न भरताना वजा करून घेता येतो, पण पैसे आज द्यायचे असतात. त्यावर विमान, व्हिसा, सिंगापुरात आदल्या रात्रीचा मुक्काम. सगळं मांडलं तर तो खर्च मुंबईच्या अडीचपट झाला. त्या माणसाने फसवलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या धंद्यात दर तसाच सांगतात. पण शिक्षिकेच्या पगारात आणि ह्यांच्या खता-बियाण्यांच्या दुकानात चालणाऱ्या घराला हा फरक दोन दिवस उशिरा कळणं जड गेलं. त्यानंतर मी दोन्हीकडे एकच वाक्य म्हणायला लागले, "आम्ही सहा जण घरातून निघून घरी परत येईपर्यंतचा आकडा सांगा."

पैशाची दुसरी अडचण महिन्यांची. क्रूझचं आरक्षण लवकर केलं तर स्वस्त पडतं, आणि लवकर म्हणजे जून-जुलै. आमच्याकडे त्याच महिन्यांत पेरणी. ह्यांच्या दुकानाचा निम्मा माल उधारीवर गावागावांत गेलेला असतो, आणि उधारी येते सोयाबीन बाजारात आल्यावर, दसरा-दिवाळीला. जहाज कंपनीचे उरलेले पैसे मात्र निघण्याच्या बरेच दिवस आधी भरायचे असतात, आणि जसजशी तारीख जवळ येते तसतसा रद्द केल्यावर परत मिळणारा वाटा कमी होत जातो. आमच्यासारख्यांनी जहाजाचा रंगरूप नंतर बघावा, आधी रद्द करण्याच्या अटींचं पान वाचावं. मी ते पान दोनदा मराठीत उतरवून काढलं, कारण आजारपण आणि पाऊस या दोन्हींचा भरवसा नसलेल्या घरात आम्ही राहतो. आगाऊ रक्कम शेवटी भिशीतूनच गेली.

दरम्यान ह्यांनी एक चांगलं केलं. म्हणाले, "जहाज कुठलंही ठरू दे, पासपोर्ट काढून ठेवू." मुंबई-गोवा फेरीला पासपोर्ट लागत नाही, आधार चालतं. पण सिंगापूरचा विचार करायचा तर आधी पासपोर्ट, आणि तोही प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असलेला. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राच्या वेळा घेतल्या. मोठ्यांचे दीड हजार, मुलांचे हजार, आणि साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट. मामांना ती सूट कळल्यावर इतकं बरं वाटलं की पावती त्यांनी स्वतःच्या पाकिटात ठेवली.

आत्यांचं मात्र अडलं. आधारवर त्यांची जन्मतारीख 1 जानेवारी. त्यांच्या पिढीतल्या गावाकडच्या किती बायकांचा वाढदिवस 1 जानेवारीला येतो, ते तहसीलमध्ये जाऊन बघावं. आणि एका कागदावर नावापुढे 'बाई', दुसऱ्यावर नुसतं नाव. आधी आधार दुरुस्त, मग बँकेचं पासबुक, मग पुन्हा वेळ. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला खिडकीतल्या मुलीने त्यांना बोटांचे ठसे द्यायला सांगितले तर उमटेनात, इतकी वर्षं खुरपणी-कापणीत बोटं झिजलेली. तिने शांतपणे ओला रुमाल दिला, पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, आणि ठसे घेतले. आत्या घरी येऊन तेवढंच सांगत राहिल्या, "लई गुणाची पोरगी व्हती."

सिंगापूरच्या बाजूने सांगायचं तर ते अवघड असलं तरी अशक्य अजिबात नव्हतं. मलेशिया आणि थायलंड आम्ही चौकशी केली तेव्हा भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देत होते, मलेशियाचा फक्त ऑनलाइन फॉर्म भरायचा. सिंगापूरला व्हिसा लागतो, तो मान्यताप्राप्त एजंटामार्फत निघतो. यातली एक खाच कुणी आपणहून सांगत नाही. जहाज सिंगापूरहून निघून मलेशियातल्या पेनांग किंवा थायलंडमधल्या फुकेतला जाऊन परत येतं, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरता. त्यामुळे एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीला अडचण. व्हिसा हातात आल्यावर त्यावर किती प्रवेश लिहिलेत ते स्वतः वाचून घ्यावं. अंतराचं म्हणाल तर लातूरहून हैदराबाद रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास, तिथून सिंगापूरला थेट विमान. विमान पकडायला मुंबईपेक्षा आम्हाला तेच सोयीचं.

समुद्रही तिकडचा शांत. सिंगापूर ते पेनांग जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातं. एका अंगाला सुमात्रा, दुसऱ्या अंगाला मलेशिया, त्यामुळे मोठ्या लाटांना आडोसा असतो. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला, तेव्हा मुंबईच्या फेऱ्या बंदच असतात. दिवाळीनंतर तोही बहुतेक निवळलेला असतो, पण उघडाच. आत्यांना औशाच्या एसटीतसुद्धा मळमळतं. आमच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि एक साधी गोष्ट सांगितली. झोपाळ्याच्या टोकाला झोका मोठा, मधे लहान. जहाजाचंही तेच, म्हणून खोली मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची मागा. खालच्या खोल्या स्वस्त असतात, त्यामुळे हा सल्ला दोन्हीकडून फायद्याचा ठरला.

जेवणाची भीती दोन्ही ठिकाणी निराधार निघाली. एम्प्रेसवर भारतीय जेवण असणारच, पण गेंटिंग ड्रीमवरही भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय होती. आत्यांचा चातुर्मास कार्तिकीपर्यंत चालतो, कांदा-लसूण-वांगं बंद. जैन जेवण सांगितलं की कांदा-लसणाचा प्रश्न मिटतो, पण बटाटाही जातो, आणि बटाट्याची भाजी हे त्यांचं आवडतं. "तीन दिवस बटाट्याबिगर ऱ्हाते की," त्या म्हणाल्या. घरचे लाडू नेऊ का म्हणून विचारलं, तर घरी केलेलं अन्न जहाजावर चालत नाही असं उत्तर आलं. ते आत्यांना पटायला वेळ लागला, शिदोरीशिवाय त्या कधी गावाबाहेर पडल्या नव्हत्या.

या सगळ्यात मुलीने मामांच्या पाण्याचा शोध लावला. जहाज समुद्राच्याच पाण्यातून गोडं पाणी काढतं, दोन तऱ्हांनी. एक म्हणजे आरओ, खारं पाणी प्रचंड दाबाने पडद्यातून ढकलायचं, मीठ अलीकडे राहतं. दुसरी तऱ्हा वाफेची. इंजिनाची उष्णता एरवी वाया जाते, ती खाऱ्या पाण्याला द्यायची. भांड्यातली हवा काढून दाब कमी केला की पाणी शंभर अंशांच्या बरंच खाली उकळतं, म्हणून इंजिनाची ती उरलेली ऊबसुद्धा पुरते. वाफ थंड केली की गोडं पाणी. मग त्यात क्षार घालायचे, जंतुनाशक घालायचं, आणि नळाला सोडायचं. काही पाणी बंदरातूनही भरून घेतात, आणि किनाऱ्याजवळच्या घाण पाण्यात ही यंत्रं सहसा चालवत नाहीत.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजी आपल्या जारवाल्याचीच मशीन." मग थोडं थांबून, "अन् मिरजेहून रेल्वेनं आणलं आपुन." पुढे ते काही बोलले नाहीत. मुलीने वही मिटून ठेवली.

पाणी दोन्ही जहाजांवर तसंच होतं, त्यामुळे निवड त्याने ठरली नाही. पण त्या संध्याकाळपासून मामा या चौकशीत खुर्ची ओढून बसू लागले. तोवर आम्ही दोघांनी एक चूक केली होती. "म्हाताऱ्या माणसांना जवळचं बरं," असं म्हणून मुंबईकडे झुकत होतो, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारलंच नव्हतं. मी विचारलं, "मामा, तुम्हाला काय पाहिजे तिथं?" ते म्हणाले, "मला दोनच गोष्टी पायजेत. बसल्या जाग्यावरून पानी दिसावं. अन् उतरताना होडीत उडी मारायला लावू नका."

मामांच्या या दोन अटींनी माझी सगळी मांडणी बदलली. मी पुन्हा पहिल्यापासून चौकशी केली, आणि या खेपेस घसरगुंड्या किंवा मजले विचारलेच नाहीत.

होडीचं आधी सांगते, कारण जहाज ठरवताना हे फार कमी लोक विचारतात. काही बंदरांत जहाज थेट धक्क्याला लागतं आणि आपण पुलावरून चालत उतरतो. काही ठिकाणी पाणी उथळ किंवा धक्का लहान, तिथे जहाज लांब समुद्रात नांगर टाकतं आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. होडी आणि जहाज दोन्ही हलत असतात, पाऊल नेमक्या क्षणी टाकावं लागतं. वारा जास्त असेल तर ते उतरणं रद्दही होतं. लक्षद्वीपची फेरी तशी, अगत्ती बेटावर होडीनेच जायचं. फुकेतलाही मोठी जहाजं बहुधा पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतात. पेनांगला मात्र जहाज शहरातल्याच धक्क्याला लागतं. गोव्यातही मुरगाव बंदरात थेट धक्क्याला. मी लक्षद्वीपच्या निळ्या पाण्याचे फोटो पाहून त्या फेरीकडे ओढले गेले होते, ते मी त्याच दिवशी सोडलं.

आता बसल्या जागेवरून पाणी दिसण्याचं. गेंटिंग ड्रीमवर बहुतेक खोल्यांना गॅलरी आहे. एम्प्रेस जुन्या घडणीचं, तिथे गॅलरीच्या खोल्या थोड्या आणि महाग. बाकीच्या एकतर खिडकीच्या, नाहीतर बिनखिडकीच्या. इथे सिंगापूर स्पष्ट वरचढ होतं, आणि मी ते मान्य केलं. रात्रभर मला तेच वाटत राहिलं, कर्ज काढावं आणि न्यावं मामांना त्या गॅलरीत.

निर्णय एका साध्या कारणाने झाला. लातूर एक्सप्रेस रात्री लातूरहून निघते आणि सकाळी सीएसएमटीला पोचते. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाज सुटतं तो धक्का, टॅक्सीने दहा मिनिटं. मामा रात्री लातुरात आडवे होणार, सकाळी उठून दुपारी जहाजात. विमानतळ नाही, तासन् तास मांडी अवघडून बसणं नाही, परक्या देशातल्या रांगा नाहीत. सहा जणांसाठी दोन खोल्या घेता येत होत्या. आम्ही चौघं बिनखिडकीच्या खोलीत, वरचे बर्थ भिंतीतून खाली येतात तशा, आणि आत्या-मामांना मधल्या भागातली खिडकीची खोली. आमच्या खोलीत वाचलेले पैसे त्यांच्या खिडकीला लागले. मुंबई–गोवा–मुंबई, तीन रात्री.

मुलगी दोन दिवस बोलली नाही. सगळा अभ्यास तिने केलेला, आणि तिचं जहाज मागे राहिलेलं. तिला समजूत पटवायला मी गेले नाही, तिचं वाईट वाटणं खरं होतं. तिसऱ्या दिवशी तिनेच मामांसाठी लिफ्टपासून खोलीचं अंतर नकाशावर मोजलं आणि एजंटाला फोन करून खोलीचा नंबर बदलून घेतला.

भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो. धक्क्यावर सामानाला चिठ्ठ्या लावल्या, तपासणी झाली, सगळ्यांना कार्ड मिळाली. जहाजावर रोख चालत नाही, तेच कार्ड खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घेतली. मामांसाठी मी आधीच चाकाची खुर्ची मागून ठेवली होती. धक्क्यावरून जहाजाकडे नेताना ते मान वर करून बघत होते. नऊ डब्यांएवढी लांबी त्यांना ठाऊक होती, उंचीचं कुणी सांगितलं नव्हतं.

निघण्याआधी सगळ्यांना सुरक्षेची सूचना असते. सात लहान भोंगे आणि एक लांब, तो वाजला की नेमून दिलेल्या जागी जमायचं. आत्यांनी ते बोटांवर मोजलं आणि रात्री झोपताना मला परत म्हणून दाखवलं.

बिनखिडकीच्या खोलीबद्दल खरं सांगते, दिवा घालवला की दिवस आहे की रात्र ते कळत नाही. मुलाला मजा वाटली, मला पहिली रात्र गुदमरल्यासारखं झालं. जागाही बेताची, चौघांच्या चार बॅगा खाटेखाली सरकवल्याशिवाय दार उघडत नव्हतं. चौघांनी एकाच खोलीत जायचं असेल तर कमी सामान आणावं आणि खोलीत फक्त झोपावं. ह्यांना रात्री घोरण्यावरून मुलीने उठवलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आत्या-मामांच्या खोलीत गेले. मामा खिडकीजवळ खुर्ची लावून बसले होते, काठी पलंगाला टेकवलेली. कधीपासून बसलात विचारलं, तर म्हणाले चारपासून. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. खाली पाणी मागे जात होतं, काळं, मग करडं, मग एकदम रंग चढला. आत्या पलंगावर पाय जवळ घेऊन हरिपाठ म्हणत होत्या. मळमळ नव्हती. त्या मधेच थांबून म्हणाल्या, "थांबाच न्हाई ह्येला, मी म्हनलं नव्हतं का?" मी बाथरूममधल्या नळाचं पाणी पेल्यात घेऊन मामांना दिलं. त्यांनी चव घेतली, थोडं तोंडात धरलं, गिळलं. "सपक हाय," म्हणाले. "पन गोड हाय."

आत्यांना समुद्राला नारळ द्यायचा होता. जहाजावरून पाण्यात काहीही टाकायला सक्त मनाई असते, आंतरराष्ट्रीय नियमच आहे, आणि तो योग्यच आहे. मग मुरगावला उतरल्यावर वास्कोच्या बाजारातून नारळ घेतला, टॅक्सीने बायणाच्या किनाऱ्यावर गेलो. मामा रस्त्यालगतच्या कट्ट्यावर बसले. आत्यांना मी आणि मुलीने दोन्हीकडून धरलं. पहिली लाट पायावर आली तशा त्या मागे सरल्या, दुसरीला थांबल्या. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, निम्मा समुद्राला आणि निम्मा आम्हाला. मग ओंजळभर पाणी घेऊन कपाळाला लावलं आणि जिभेलाही. तोंड वाकडं झालं. "ह्येचं त्यांनी गोड केलं?" असं विचारून त्या कितीतरी वेळ ओल्या ओंजळीकडे बघत राहिल्या.

तीन रात्री संपल्या. सकाळी मुंबईत उतरलो, दिवस नात्यातल्यांकडे काढला, रात्री लातूर एक्सप्रेस. मुलाने खालच्या बर्थवरून वर बघत विचारलं की जहाजातला बर्थ रुंद होता की हा, त्यावर दोघा भावंडांचं भांडण होऊन ती झोपली.

सहाही पासपोर्ट कपाटात आहेत. मुलाचा पाच वर्षांचा, मुलीचा तिला अठरा पूर्ण होईपर्यंतचा, आमचे दहा. मुलीची ती वही मी रद्दीत जाऊ दिली नाही. परवा मामा दुपारी झोपाळ्यावर बसून होते. ती पुस्तक घेऊन शेजारून गेली तर तिला थांबवून म्हणाले, "बाळा, ती जलपरीवाली बोट. पेनांगला धक्क्यालाच लागती म्हनलीस न्हवं?"